घोट्याचं टोक

सगळं रुग्णालय तिला मापबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी चुकून खरं नाव घेतलं तर तीच मागे वळून बघायची, कुणाला हाक मारताहेत म्हणून. शवागाराच्या मागे, जिन्याखालून आत गेलं की एक लांबट खोली होती. ज्यांची ओळख पटलेली नाही अशा माणसांची हाडं तिथे यायची. कुणाची नदीकाठी सापडलेली, कुणाची पाया खणताना निघालेली. मापबाई ती धुवायची, वाळवायची, मोजायची, आणि त्या मापावरून सांगायची की हा माणूस उभा असता तर त्याचं डोकं कुठवर आलं असतं. एकतीस वर्षं हेच काम. निवृत्तीला आता चार महिने राहिले होते.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? हाड मोजायचं, भिंतीवरच्या तक्त्यात आकडा बघायचा, झालं. हो का? मग करून बघा की! हाड ओलं असेल तर ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त भरतं. डावं-उजवं सारखं नसतं. मोजायची लाकडी फळी असते, तिच्या एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला सरकती पट्टी. हाड किंचित तिरकं बसलं की मेलेला माणूस तुमच्या टेबलावर बोटभर वाढतो नाहीतर बोटभर खुजा होतो. मापबाई प्रत्येक हाड तीन वेळा मोजायची. सकाळी एकदा, जेवणाआधी एकदा, निघताना एकदा. आधीचा आकडा दिसू नये म्हणून वहीवर पुठ्ठा ठेवायची. तिच्या फळीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचं नाही. एका शिकाऊ डॉक्टरने एकदा त्या फळीवर चहाचा कप ठेवला होता, तो पुढे दोन वर्षं त्या जिन्याखाली फिरकला नाही.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं मशीन. गळ्यात टेप घालून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे मापं नीट होतात बरं का. जिवंत असाल तर मी घेईन, नसाल तर ही घेईल." गिऱ्हाईक हसायचं, ती आतून ओरडायची, "अहो, जीभ आवरा!" आणि मग स्वतःच हसत बसायची. माप हा त्या घराचा अभिमान होता. "आमचं माप चुकत नाही," असं दोघंही म्हणायचे. तो म्हणायचा तेव्हा त्यात चार आणे थट्टा असायची. तिच्या म्हणण्यात ती नसायची.

तर झालं असं, की एका सोमवारी खोली रंगवायला रंगारी आले.

भिंतीवरचं सगळं काढा म्हणाले. कॅलेंडर काढलं, घड्याळ काढलं, आणि शेवटी तो तक्ता. हाडांच्या लांबीवरून उंची सांगणारा तक्ता, काचेच्या चौकटीत. बावीस वर्षांपूर्वी तो वरून आला तेव्हा नुसता कागद होता. आधीचा जुना तक्ता रद्द झाला, यापुढे हा वापरा, असं पत्र सोबत होतं. हिनेच हौसेने तो चौकटीत बसवला. कागद चौकटीपेक्षा जरासा लांब भरला, म्हणून खालची कड लाकडाच्या पट्टीखाली सरकवून दिली. छान बसला. आल्या-गेल्याला ती दाखवायचीसुद्धा, बघा कसा टापटीप दिसतो.

रंगाऱ्याने चौकट उतरवताना काच तडकली. मापबाईने आधी त्याला चार शब्द सुनावले, मग चौकट टेबलावर उलटी घालून खिळे काढले आणि कागद अलगद ओढून बाहेर काढला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची खालची कड उघडी पडली. तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती.

'नडगीचे हाड घोट्याच्या टोकासह मोजावे.'

तिने ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग खुर्ची ओढली आणि बसली.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे. नडगीचं हाड, म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं. खाली, आतल्या बाजूला, त्याला एक टोक असतं. तुमच्या घोट्याला आतून जो उंचवटा लागतो ना, तोच. तिला ज्यांनी काम शिकवलं ते थोरले डॉक्टर हे टोक सोडून मोजायचे. त्यांचं चुकत नव्हतं. जुना तक्ता तसाच होता, टोक सोडून मोजलेल्या हाडांवर बांधलेला. पुढे थोरले डॉक्टर गेले, तक्ता बदलला, नवा तक्ता टोकासह मोजलेल्या हाडांवर बांधलेला आला. मापबाईचा हात मात्र तोच राहिला. टोक फळीच्या काठाबाहेर ठेवायचं, पट्टी सांध्याच्या सपाट भागाला टेकवायची. इतक्या सफाईने, इतक्या काळजीने, तीन-तीन वेळा. आणि तिन्ही वेळा चूक!

"बाई, बरं वाटत नाही का?" रंगाऱ्याने विचारलं.

"तुमच्या रंगाचा वास," ती म्हणाली. खोटं बोलली.

तिने मनातल्या मनात हिशेब केला. टोक दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर. नडगी एक सेंटीमीटर वाढली की माणूस जवळजवळ अडीच सेंटीमीटर वाढतो. म्हणजे नडगीवरून तिने ज्याची ज्याची उंची काढली, तो प्रत्येक जण खऱ्यापेक्षा तीन-साडेतीन सेंटीमीटर बुटका निघाला होता. पहिला दिलासा तिने स्वतःला लगेच दिला. मांडीचं हाड मिळालं की नडगीकडे कोण बघतो? मांडीचंच माप जास्त भरवशाचं. फक्त नडगीवरून उंची काढायची वेळ क्वचित येते. किती वेळा आली असेल? दोनदा? तीनदा?

तिला वही उघडायची गरज नव्हती. त्यातली एक वेळ तिला तोंडपाठ होती.

पेटी नंबर चौऱ्याऐंशी. एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या तळाशी एकोणीस वर्षांपूर्वी सापडलेली हाडं. पुरुष, विशी-पंचविशीचा. दरड कोसळून सगळ्याचा चुराडा झालेला. शाबूत राहिली ती एक डावी नडगी. मापबाईने मोजली. सदतीस पूर्णांक सात. तक्त्याप्रमाणे उंची एकशे त्र्याहत्तर सेंटीमीटर. कमी-जास्त चार धरायचे असतात, म्हणजे फार तर एकशे सत्त्याहत्तर. त्याच सुमारास एक चोवीस वर्षांचा मुलगा बेपत्ता होता. अग्निशमन दलाच्या भरतीत त्याची उंची मोजलेली होती, अनवाणी, सरकारी पट्टीवर. एकशे अठ्ठ्याहत्तर. पाच फूट दहा इंच. एका सेंटीमीटरने तो चौकटीबाहेर गेला. 'उंची जुळत नाही,' असा शेरा पडला आणि फाइल मिटली. त्या काळी इथे दुसरी कुठली चाचणी होत नव्हती, आणि पुढे व्हायला लागली तेव्हा मिटलेली फाइल उघडायला कुणाला कारण नव्हतं.

एवढंच असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण त्या मुलाची आई तेव्हा स्वतः जिना उतरून त्या खोलीत आली होती. दारात उभी राहून तिने विचारलं होतं, "मोजलं कुणी?"

"मी मोजलं, मावशी."

"माझा नाही ना तो?"

आणि मापबाई, जेमतेम अडतिशीची, आपल्या हातावर फिदा असलेली, छातीवर हात ठेवून म्हणाली होती, "नाही. तुमचा नाही तो. माझं माप चुकत नाही."

त्या बाईने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "किती गार पडलेत हो हात." पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती परत आली, लोकरीचे हातमोजे घेऊन. बोटांची टोकं उघडी ठेवलेले, म्हणजे काम करता यावं. "तुम्ही माझा मुलगा जिवंत ठेवलात," म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी ती यायची, टेबलासमोरच्या खुर्चीत बसायची, चहा प्यायची, नवा जोड द्यायची. त्या गार खोलीत मापबाईने अठरा वर्षं तिच्याच हातमोज्यांत हाडं मोजली.

या वर्षीची ती तारीख नऊ दिवसांवर आली होती.

त्या दिवशी रंगारी जेवायला गेल्यावर तिने खोलीचं दार आतून लावलं. कपाटातल्या तिसऱ्या फळीवरून चौऱ्याऐंशी नंबरची पेटी काढली. हातमोजे काढून ठेवले. ते घालून ते हाड धरवेना. नडगी फळीवर ठेवली, या वेळी घोट्याचं टोक आत घेऊन. पट्टी सरकवली. एकोणचाळीस पूर्णांक एक. पुन्हा मोजली. तेच. तक्ता टेबलावर पडलेला होताच. एकशे साडेशहात्तर. वर चार धरले तर एकशे साडेऐंशी. एकशे अठ्ठ्याहत्तरचा मुलगा त्यात आरामात बसत होता.

'बसतो म्हणजे तोच असं थोडंच आहे?' तिने स्वतःलाच दटावलं. 'त्या उंचीची हजार माणसं असतील.' खरंच होतं ते. उंचीवरून माणूस नक्की होत नाही, फक्त वगळता येतो. आणि तिने वगळला होता.

पुढचे तीन दिवस तिच्या जिवाला चैन नव्हतं. कुणाला ठाऊक होतं? कुणालाही नाही. ती ओळ तिने एकटीने पाहिली होती. नवी चौकट आणायची, कड पुन्हा पट्टीखाली सरकवायची, चार महिने काढायचे, हारतुरे घ्यायचे आणि घरी जायचं. केवढं सोपं! जिन्यावर पावलं वाजली की ती हातातलं हाड खाली ठेवायची. नव्या मॅडम, म्हणजे तिच्या विभागाच्या डॉक्टर, वयाने तिच्या मुलीएवढ्या, सहज म्हणाल्या, "बाई, तो तक्ता कुठे गेला?" तर हिने वही मिटली. "चौकट करायला दिलाय," म्हणाली. तक्ता तिच्या टेबलाच्या खणात होता, वर्तमानपत्राखाली.

घरी आमटीत दोनदा मीठ पडलं. नवऱ्याने पहिला घास गिळला, पाणी प्यायला, दुसरा घास गिळला. तिसऱ्याला थांबला.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"तीन दिवस बघतोय. समोरच्या माणसाकडे बघतेस आणि बघतच राहतेस. आज त्या दूधवाल्याने विचारलं, काकू माझ्या पायांकडे का बघतात."

मग तिने सांगून टाकलं. सांगताना रडली नाही, पण ताटातल्या भाताच्या इतक्या बारीक गोळ्या करत बसली की नवऱ्याने तिचा हात धरून थांबवला. त्याने आपलं ताट बाजूला सारलं. थट्टेखोर माणूस गप्प झाला की घर कसं ओकंबोकं वाटतं!

"सांगून काय होणार?" शेवटी तीच म्हणाली. "म्हातारी आहे हो ती. सत्तरी उलटली. मुलगा कुठेतरी आहे या एका गोष्टीवर जगतेय. ते काढून घेऊ तिच्याकडून? आणि तो तिचा नसलाच तर? उगीच तिच्या जिवाला घोर."

"ती राहते कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर. एकटी. गुडघे गेलेत. लेक कधीची बोलावतेय, आमच्याकडे ये म्हणून. जात नाही. तो आला आणि दाराला कुलूप बघून परत फिरला तर, म्हणते."

नवऱ्याने गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "म्हणजे तू मोजलंस म्हणून ती ते जिने चढतेय," तो म्हणाला.

एवढंच बोलला. शिव्या दिल्या असत्या तरी तिला इतकं लागलं नसतं. ती ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तक्ता हातात घेऊन मॅडमच्या खोलीत गेली आणि बसा म्हणायच्या आधीच बोलायला लागली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओळ वाचली, वही मागवली, स्वतः फळीपाशी बसून चौऱ्याऐंशीची नडगी मोजली आणि वहीतून नडगीवरून काढलेल्या बाकीच्या उंच्या शोधल्या. हो, प्रकरणं तीन निघाली. एकाची ओळख पुढे दातांवरून पटलेली होती, दुसऱ्याला शोधत कधी कुणी आलंच नव्हतं. उरली चौऱ्याऐंशी.

"आता डीएनए होतं," मॅडम म्हणाल्या. "आईच्या तोंडातला नमुना लागेल. पोलिसांना कळवते. हवालदार नोटीस घेऊन जाईल."

"हवालदार नको," मापबाई म्हणाली. आपला आवाज एवढा चढेल असं तिलाही वाटलं नव्हतं. "आधी मी जाते. मी सांगितलं होतं तिला, मीच सांगते."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "बाई, तुमच्यावर चौकशी बसेल. एवढ्या वर्षांच्या नोकरीच्या शेवटी."

"बसू दे."

बोलायला बोलली, पण त्या तीन मजल्यांवर तिचं धाबं दणाणलं. पहिल्या मजल्यावर वाटलं, उद्या येऊ. दुसऱ्यावर वाटलं, घरी नसेल तर बरं. तिसऱ्यावर दार उघडंच होतं. दिवसा ते नेहमी उघडं असायचं, हे तिला मागाहून कळलं.

"अगंबाई, तुम्ही!" म्हातारीला कोण आनंद झाला. "अहो, तारीख तर पुढच्या आठवड्यात. मी येणारच होते की. बसा, बसा. चहा टाकते." खिडकीपाशी वेताची खुर्ची, खुर्चीवर निळी लोकर, सुयांवर अर्धा हातमोजा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं नव्हतं. पलंग दिसत होता, चादर नीट घातलेली, पायथ्याशी घडी केलेलं पांघरूण. कुणीतरी आज येऊन झोपणार असावं असा.

"चहा नको, मावशी. तुम्ही बसा. मला एक सांगायचंय."

तिने सांगितलं. कागद, चौकट, पट्टीखाली गेलेली ओळ, घोट्याचं टोक. आपल्याच पायाला हात लावून टोक कुठलं ते दाखवलं. काही लपवलं नाही, सारवासारव केली नाही. "मी म्हणाले होते की तो तुमचा नाही. तसं म्हणायचा मला हक्क नव्हता. तो तुमचा असू शकतो. एक चाचणी करावी लागेल, मगच नक्की कळेल."

म्हातारी ऐकत होती. मग तिने वाकून आपल्या घोट्याचा उंचवटा चाचपला, इकडून तिकडून, जणू तिला तो आजच सापडला होता.

"एवढंसं?" ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, माझं माप चुकत नाही."

"म्हणाले होते."

"माझे मालक गेले तेव्हा शेवटचं काय बोलले, ठाऊक आहे? म्हणाले, तो आला की त्याला रागावू नकोस. मी म्हटलं, नाही रागावणार. मी त्यांना तसं वचन दिलं! तुमच्या शब्दावर दिलं!" तिचा आवाज चिरका झाला. "वाटेतून एखादा उंच माणूस पाठमोरा जाताना दिसला की मी या गुडघ्यांनी धावत गेलेय त्याच्यामागे. किती जणांच्या मागे गेले असेन, सांगू? मोजा! तुम्हाला मोजता येतं ना? मोजा की!"

 

"जा तुम्ही," म्हातारी म्हणाली. "चाचणीला कुठे यायचं ते लिहून ठेवा आणि जा."

ती लिहून निघाली. 

नमुना दिला गेला. मग वाट बघणं सुरू झालं. तीन आठवडे लागतील, म्हणाले होते. चौकशीचं पत्र आलं, तिने खाली मान घालून उत्तर लिहिलं. रुग्णालयात कुजबूज व्हायचीच. लिफ्टवाला तिला बघून बोलता बोलता थांबायचा. पण खरं सांगायचं तर तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो त्या अहवालावर, आणि तिथेही मेलं मन एका जागी राहत नव्हतं. सकाळी वाटायचं, तो तिचा नसू दे देवा. नसला म्हणजे माझी चूक तेवढीच हलकी. दुपारी वाटायचं, आणि नसला तर ती पुन्हा दार उघडं टाकून बसेल, मरेपर्यंत. मग स्वतःचीच शरम वाटायची की पहिला विचार आपल्या चुकीचा आला. दर वर्षीची ती तारीख येऊन गेली. समोरची खुर्ची रिकामी राहिली. त्या दिवशी तिने दोन कप चहा सांगितला आणि दोन्ही गार होऊ दिले.

बाविसाव्या दिवशी मॅडम स्वतः जिना उतरून आल्या. हातात पाकीट होतं. तोंड बघूनच तिला कळलं.

"तोच आहे, बाई."

निकाल कळवल्यावर चौथ्या दिवशी म्हातारी आली. सोबत लेक होती, पण तिला तिने जिन्यावरच थांबवलं. एकटी आत आली, भिंतीला धरत. नेहमीप्रमाणे टेबलासमोरच्या खुर्चीशी पोचली, पण बसली नाही.

"आणला होता त्या खाणीतून, त्याच्यानंतर कुठे होता तो?" तिने विचारलं. "इतकी वर्षं. कुठे ठेवला होतात?"

मापबाईला याचीच भीती होती. रात्रंदिवस ती याच प्रश्नाला घाबरत होती. तिने हात वर केला आणि खुर्चीच्या मागे दाखवला. "तिथे. कपाटात. तिसऱ्या फळीवर."

म्हातारीने वळून बघितलं. कपाट हाताच्या अंतरावर होतं. खुर्चीची पाठ त्याला जवळजवळ टेकत होती.

"म्हणजे मी यायचे," ती सावकाश म्हणाली, "चहा प्यायचे, तुम्हाला सांगायचे की तो आला की काय काय करणार आहे. आणि तो इथे. माझ्या पाठीशी."

"हो, मावशी."

"एकोणीस वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसले?"

मापबाई रडायला लागली. एकतीस वर्षांत त्या खोलीत ती कधी रडली नव्हती. म्हातारी रडली नाही. तिने दोन्ही हातांनी खुर्ची उचलायचा प्रयत्न केला, जमेना, मग ती फरशीवरून करकरत ओढली आणि उलटी वळवली, कपाटाकडे तोंड करून. आणि बसली.

"काढा त्याला," ती म्हणाली. "आणि मोजा. माझ्यासमोर मोजा."

पेटी निघाली. फळी टेबलाच्या काठाशी आली, म्हातारीला दिसेल अशी. मापबाईने हाड उचललं खरं, पण ते फळीवर सरळ बसेना. एकदा ठेवलं, तिरकं झालं. दुसऱ्यांदा ठेवलं, पुन्हा तिरकं. म्हातारी बघत होती. मग तिने पिशवीत हात घातला आणि एक निळा हातमोजा काढून टेबलावर ठेवला.

"एकच झालाय," ती म्हणाली. "तुम्ही येऊन गेल्यावर दुसरा विणावासा वाटला नाही. पुढे वाटेल की नाही, ठाऊक नाही. घाला तो. गार हातांनी धरू नका त्याला."

मापबाईने तो उजव्या हातात घातला. घोट्याचं टोक आत घेतलं, पट्टी सरकवली, डोळे पुसून वाचलं.

"किती?"

"एकोणचाळीस पूर्णांक एक."

"तुम्ही तीनदा मोजता ना?"

तिने पुन्हा मोजलं. मग आणखी एकदा. म्हातारी दर वेळी वाकून पट्टीवरचा आकडा स्वतः बघत होती, ओठ हलवत, पाठ करत असल्यासारखी. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर तिने हाडावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"आता वहीत ते खोडा," ती म्हणाली. "तो माझा नाही, असं लिहिलंयत ते."

मापबाईने वही उघडली, एकोणीस वर्षांपूर्वीचं आपलंच सुबक अक्षर शोधलं आणि त्यावरून लाल रेघ मारली. खाली नवा आकडा लिहिला, तारीख घातली, सही केली. म्हातारीने वही आपल्याकडे ओढली आणि शाई वाळेपर्यंत ती ओळ वाचत राहिली.